काळ्या रंगाचा नाद

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने काळी स्पोर्ट्‌स कार बाळगू नये, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, आणि मी ज्या महिन्यात ती घेतली त्या श्रावणात आमच्या गल्लीत तसे सांगणाराही कोणी भेटला नाही. गाडी सॅन स्टॉर्म. शेजारच्या गोव्यात तयार झालेली, दोन आसनांची, फायबरच्या अंगाची आणि रेनॉचे 1149 सीसीचे इंजिन पोटात घेऊन धावणारी. 'स्पोर्ट्‌स' हे विशेषण तिच्या वेगापेक्षा तिच्यात बसण्या-उठण्याच्या व्यायामाला अधिक शोभते, हे मला पहिल्याच दिवशी गुडघ्यांनी कळवले. आधीच्या मालकाने तिचा मूळ रंग घालवून तिला काळ्या रंगाने मढवले होते आणि पावसाळी, ढगाळ उजेडात ती नुकत्याच न्हालेल्या दगडी मूर्तीसारखी दिसत होती.

ढगाळ हवेत काळा रंग फार सज्जन दिसतो. त्याचे खरे चरित्र ऑक्टोबरच्या उन्हात उघड होते. नवरात्रातल्या एका सकाळी मी गाडी दारात काढली, सूर्याचे प्रतिबिंब बॉनेटवर पडले आणि त्याच्याभोवती कोळ्याने जाळे विणावे तशी हजारो बारीक वर्तुळे लखलखू लागली. मी दोन पावले बाजूला सरकलो, तर जाळेही माझ्याबरोबर सरकले. वास्तविक ते ओरखडे वर्तुळाकार नसतातच. ते सर्व दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. परंतु त्यांपैकी जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि म्हणून दिव्याभोवती फेर धरल्याचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही हे सारे असते, पण पांढरा रंग घरातली भांडणे चव्हाट्यावर आणत नाही. काळ्याच्या पोटात मात्र काही राहत नाही. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने 1914 पासून 1925 पर्यंत मॉडेल टी ही गाडी केवळ काळ्या रंगात विकली. त्या बारा वर्षांत तिकडच्या संसारांचे काय झाले असेल, या विचाराने मला त्या सकाळी गलबलून आले.

"आणताना दिसलं नव्हतं का?" सौभाग्यवतीने विचारले. संसारात काही प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात.

ओरखड्यांचे मूळ शोधण्यासाठी फार लांब जावे लागले नाही. आधीच्या मालकाचा पोऱ्या रोज सकाळी एका बादलीत, एकाच जुन्या बनियनने गाडी पुसत असे, हे मला व्यवहाराच्या वेळी 'गाडी किती निगुतीने ठेवली आहे' याचा पुरावा म्हणून सांगण्यात आले होते. धुळीचे कण बनियनमध्ये अडकतात, बनियन गाडीवर फिरते आणि निगा जितकी जास्त तितके ओरखडे जास्त, असा हा उलटा न्याय आहे. त्यावर्षी दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार आली तेव्हा सारे लोक शाही सोहळा पाहत होते आणि मी एकटा मान तिरकी करून तिच्या मडगार्डवर जाळे दिसते का, ते पाहत होतो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या मानेला उसण भरली आहे असे समजून बाम देऊ केला.

मग मी अभ्यासाला बसलो. मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक आहे आणि गेली बावीस वर्षे 'घसारा', म्हणजे वापराने मालमत्तेची घटत जाणारी किंमत, हे प्रकरण शिकवतो. पण त्या शब्दाचा मूळ धातू घासणे हा असावा, हे मला या दिवसांत प्रथम जाणवले. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. पॉलिशने ओरखडा भरून निघतो ही समजूत चुकीची आहे. ओरखडा आहे तिथेच राहतो. त्याच्या भोवतीचा रंगच घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. अर्थात चकाकी ही थोडीथोडी मालमत्ता खर्ची घालून मिळते. सरळ रेषा पद्धत आणि घटत्या शिलकीची पद्धत मी मुलांना फळ्यावर समजावून दिली होती. आता स्वतःच्या हाताने, पदरचे पैसे खर्चून, वर्तुळाकार पद्धतीने घसारा काढायचा होता, आणि मुळात शिल्लक किती हेच ठाऊक नव्हते.

शिल्लक मोजण्यासाठी मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. रंगाची जाडी मोजण्याचे त्यांच्याजवळचे यंत्र रंगाखालच्या धातूवरून हिशेब करते. माझ्या गाडीच्या रंगाखाली धातू नव्हताच. मिस्त्रींनी ते बॉनेटला लावले, दाराला लावले, झटकले, खिशातल्या चावीला लावून पाहिले आणि पुन्हा बॉनेटला लावले.

"सर, ह्या गाडीला रंगच न्हाई," त्यांनी अखेर निकाल दिला.

रंग डोळ्यांना दिसतो आहे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर 'मग ही गाडी नसेल' अशी शक्यता त्यांनी बोलून दाखवली, आणि लोकरी चकती लावलेल्या मोठ्या बफिंगच्या यंत्राने अर्ध्या तासात आरसा करून देतो, असे वचनही दिले. त्यांचा हात ओतकामावर बसलेला होता. बिडाच्या पंपाला जे मानवते ते फायबरला मानवत नाही, कारण फायबर उष्णता झटकन वाहून नेत नाही. एके ठिकाणी चकती रेंगाळली की तिथेच ताप साठतो आणि रंग करपतो. मी त्यांना चहा पाजून सन्मानाने निरोप दिला आणि दुहेरी फिरणारे लहान यंत्र मागवले. हे यंत्र स्वतःभोवती फिरता फिरता झोकांड्याही घेते आणि फार दाबले तर फिरायचेच थांबते. रागाच्या भरात काही करू न देणारे असे यंत्र प्रत्येक घरात असावे.

पहिल्या रविवारी धुणे. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हात खळबळण्याची, आणि वरून खाली, सरळ रेषेत. त्यानंतर लोखंडाचे कण विरघळवणारे एक औषध फवारायचे असते. गाडी फायबरची असल्याने गंजण्याचा प्रश्न नव्हता, पण ब्रेकची आणि कारखान्यांची लोखंडी धूळ उडून कोणाच्याही रंगात रुतते. औषध लोखंडाला भेटले की जांभळे होते. काळ्या गाडीवर ते जांभळेपण दिसले नाही. ते खाली ओघळून नव्याने बसवलेल्या पांढऱ्या फरशीवर मात्र उत्तम दिसले. या विषयावर घरात जे बोलणे झाले ते येथे देत नाही.

नंतर माती. गाडीच्या रंगात रुतलेला उरलासुरला कचरा ओढून काढण्यासाठी मऊ, चिकट मातीची वडी मिळते. साबणाचे पाणी मारून ती हलक्या हाताने फिरवायची असते. समोरच्या तालमीतले वस्ताद त्या वेळी दारावरून चालले होते. कोल्हापुरात कोणी मातीला हात लावला आणि वस्ताद थांबले नाहीत, असे होत नाही.

"काय करालायसा सर?"

"गाडीला माती लावतोय," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणीच मला माझी चूक कळली.

वस्तादांनी वडी हातात घेतली, बोटांनी मळली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडे केले. या मातीत ताक नाही, हळद नाही, लिंबू नाही, तेल नाही; असल्या मातीने अंग धरणार कसे, असा त्यांचा सवाल होता. आखाड्याची माती कशी घोळवतात हे त्यांनी मला साग्रसंगीत सांगितले आणि ते सांगताना वडी त्यांच्या हातून रस्त्यावर पडली. पडलेल्या वडीला खडे चिकटतात, म्हणून ती टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते. वस्तादांनी ती उचलून, धोतराला पुसून, मोठ्या मायेने माझ्या हातात परत दिली. त्यांच्यादेखत ती फेकण्याचे धाडस मला झाले नाही. मी ती खिशात ठेवली आणि पुढे ती पँट धुताना काय झाले, तेही येथे देत नाही.

दुसऱ्या रविवारी प्रत्यक्ष पॉलिश. कडा आणि कोपरे येथे रंग सर्वांत पातळ असतो म्हणून त्यांना कागदी टेप लावली. मग दिसणार नाही अशा एका कोपऱ्यात, सर्वांत सौम्य द्रवाने आणि सर्वांत मऊ पॅडने आधी थोडे करून पाहायचे, त्याने भागले नाही तरच वरची पायरी चढायची, हा या कामाचा पहिला नियम. पांढऱ्या फडक्यावर काळे उतरले नाही, म्हणजे वर पारदर्शक थर शाबूत होता. मला परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले. हातभर लांब, हातभर रुंद असा एकेक तुकडा धरून मी यंत्र आधी उभे आणि मग आडवे, इतके सावकाश फिरवू लागलो की गल्लीतल्या मुलांनी प्रथम माझ्याभोवती कोंडाळे केले आणि नंतर कंटाळून विटी-दांडू मांडला.

संध्याकाळी गवळीमामा आपल्या दोन म्हशी घेऊन कट्ट्याकडे निघाले होते. बॉनेटवर पसरलेला पांढरा द्रव पाहून ते थबकले.

"दुधानं न्हाऊ घालताय व्हय?"

मी त्यांना सूक्ष्म अपघर्षकांचे कार्य समजावून सांगितले. त्यांनी ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "एवढा उद्योग कशाला? खोबरेल चोळा. दिवाळीच्या पाडव्याला आमची म्हस बघा, मग बोला."

मी मनातून हसलो. बॉनेट त्या क्षणी खरोखरच लखलखत होते. त्यात मला समोरच्या माडीवर वाळत घातलेल्या परकराची किनारसुद्धा दिसत होती. परंतु नियमाप्रमाणे मी स्पिरिटचे फडके फिरवले आणि अर्धी चकाकी फडक्याबरोबर निघून गेली. पॉलिशमधली तेले ओरखड्यांत भरून बसतात आणि काम झाल्याचा आभास निर्माण करतात. खरी परिस्थिती पाहायची तर ती पुसून काढावी लागतात. म्हणजे दोन तास, एक यंत्र आणि साडेतीन हजारांचे साहित्य खर्चून मी बॉनेटला खोबरेल चोळले होते. मामांना हे सांगण्याचे सौजन्य मी दाखवले नाही.

मग पायरी चढलो. जरा करकरीत पॅड, जरा खरमरीत द्रव, पुन्हा उभे-आडवे, पुन्हा स्पिरिट. तिसऱ्या रविवारी, बॉनेट, टप आणि दोन्ही दारे संपून मागच्या झाकणावर आलो तेव्हा माझे दोन्ही हात यंत्र बंद असतानाही थरथरत होते आणि वर्गात खडू धरला की फळ्यावर घटत्या शिलकीची आकृती आपोआप नागमोडी उमटत होती. दरम्यान उसाचा हंगाम तोंडावर आला होता. साखर कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या की काळी काजळी साऱ्या जिल्ह्याच्या अंगावर उतरते, त्यामुळे त्याआधी मेण लावून मोकळे होणे भाग होते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढलेले कार्नोबा मेण गंगावेशीत बसून आपण गाडीला लावतो आहोत, याचे मला थोडे कौतुक वाटले. ते लावायला वीस मिनिटे लागली.

आणि जाळे गेले होते. भर उन्हात बॉनेटवर एकच सूर्य होता, वाटोळा आणि एकटा. दोनतीन खोल चरे मी मुद्दाम तसेच सोडले होते, कारण शिल्लक न मोजता मुदलाला हात घालू नये एवढे वाणिज्य माझ्या अंगी मुरले आहे.

पाडव्याच्या सकाळी दारात रांगोळी असल्यामुळे गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. गल्लीच्या टोकाकडून सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलचा फडफडाट ऐकू आला आणि तिच्यामागून मामांची म्हैस धावत आली. अंगावरचे केस भादरलेले, तेल पाजलेली पाठ आरशासारखी, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्या आणि घुंगरे, शिंगे ताज्या शेंदरी रंगाने रंगवलेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मोटारसायकल पुढे निघून गेली. म्हैस मात्र माझ्या गाडीच्या दाराशी येऊन उभी राहिली. त्या दारात तिला तितकीच काळी, तितकीच तुकतुकीत आणि तितकीच नटलेली दुसरी म्हैस दिसत होती. तिने क्षणभर विचार केला, मान खाली घातली आणि शिंगाने तिला हटकले.

दारावर चार बोटे लांबीचा शेंदरी पट्टा उमटला. मामा धावत आले आणि थेट शिंगाकडे गेले.

"रंग ओला होता की हो सर!" ते कळवळून म्हणाले. "आता मिरवणुकीला एक शिंग बोडकं न्यायचं व्हय?"

मी आतून फडके आणि द्रव आणला. शेंदरी रंग निघाला. त्याच्याखाली बारीकसा ओरखडा राहिला, पण सौम्य द्रवाने पाचसहा वेळा फिरवल्यावर तोही मावळला आणि दारात पुन्हा म्हैस उभी राहिली. मामांनी ते सारे वाकून, हात पाठीमागे बांधून पाहिले. मग ते बोडक्या शिंगाकडे पाहू लागले आणि मग माझ्या हातातल्या यंत्राकडे.

"शेंदूर राहू दे," ते हळूच म्हणाले. "काळंच चमकवता येतंय का?"

म्हैस घाबरेल, असे मी म्हणणार होतो. पण पुंगळी काढलेल्या गाडीमागे जी धावते तिला माझ्या यंत्राच्या गुणगुणण्याचे काय? सौभाग्यवतीने कोणी न सांगता आतून वायरचा बोर्ड आणून दिला. वस्तादांनी मुसकी धरली. मी करकरीत पॅड काढून मऊ पॅड लावले, त्यावर वाटाण्याएवढे चार थेंब टाकले आणि मामांना म्हणालो, "आधी बुंध्याकडं, दिसणार नाही अशा जागी, थोडं करून बघू."