खाती वाटली, पण मधली जोडणी कोण लिहिणार?

संघराज्याचा विषय निघाला की चर्चा लगेच सूचींवर जाते. हा विषय केंद्राचा, तो राज्याचा, इथे यांनी ढवळाढवळ केली, तिथे त्यांनी अडवणूक केली. माझं मत वेगळं आहे. बहुतेक भांडणं सूचीमुळे होतच नाहीत. कायदा एकाचा, पैसा दुसऱ्याचा, माणसं तिसऱ्याची, आणि या तिघांमधली जोडणी कोणीच नीट लिहून ठेवलेली नाही, म्हणून काम रखडतं.

जर्मनीतल्या शाळांचं बघा. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय. अभ्यासक्रम आणि शिक्षक राज्याचे, पण सरकारी शाळांची इमारत, वायरिंग, बाकं साधारणपणे नगरपालिका किंवा जिल्ह्याच्या अखत्यारीत. शाळांच्या डिजिटल सोयींसाठी केंद्राला ५ अब्ज युरो द्यायचे होते. त्यासाठी आधी राज्यघटनाच बदलावी लागली. २०१८च्या डिसेंबरात राज्यांच्या सभागृहाने, म्हणजे बुंडेसराटने, ती दुरुस्ती अडवली. पैसे कोणाला नको होते असं नाही. पुढच्या अशा योजनांमध्ये राज्यांनी केंद्राइतकाच वाटा घालावा, अशी अट मसुद्यात शिरली होती, ती राज्यांना मान्य नव्हती. प्रकरण मध्यस्थी समितीकडे गेलं. तिच्यात दोन्ही सभागृहांचे प्रत्येकी १६ सदस्य असतात. २०१९च्या फेब्रुवारीत तोडगा निघाला आणि मे महिन्यात केंद्र आणि राज्यांमधला या निधीचा करार लागू झाला.

आणि तरीही पहिल्या वर्षात निधी फारच थोडा उचलला गेला. शाळेने आधी उपकरणं शिकवण्यात कशी वापरणार याचा आराखडा लिहायचा, नगरपालिकेने त्यावरून अर्ज करायचा, राज्याने तो तपासून मंजूर करायचा, मग खरेदी. टप्प्यांमध्ये चूक एकही नाही, पण प्रत्येक टप्प्यावर टेबल वेगळं आणि माणूस वेगळा. त्यातून एक मोठी गोष्ट राहून गेली: नेटवर्क आणि संगणक सांभाळणारा माणूस कोणाच्या पगारावर? २०२०मध्ये त्यासाठी आणखी ५० कोटी युरोंचा वेगळा करार करावा लागला. भांडवली खर्च वरून येतो आणि देखभाल खालच्याच्या गळ्यात पडते, हे जवळपास प्रत्येक संघराज्यात घडतं. त्यामुळे कोणताही निधी जाहीर झाला की माझा पहिला प्रश्न असतो, पाचव्या वर्षी दुरुस्तीचं बिल कोण भरणार?

अटींच्या बाबतीत सगळे देश सारखे नाहीत, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेने १९८४मध्ये दारू विकत घेण्याचं किमान वय २१ करायचं ठरवलं. ते ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे होता. मग केंद्राने महामार्ग निधीला हात घातला: वय २१ न करणाऱ्या राज्याचा आधी ५ टक्के आणि पुढे १० टक्के निधी रोखायचा. १९८८पर्यंत सगळी राज्यं २१वर आली. १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वैध ठरवलं. २०१२मध्ये मात्र, मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार न करणाऱ्या राज्याचा चालू असलेला सगळा मेडिकेड निधी काढून घेण्याची तरतूद त्याच न्यायालयाने जबरदस्ती मानली. म्हणजे अट घालायला हरकत नाही, पण ती नाकारण्याची ऐपत राज्याकडे उरली पाहिजे. कॅनडाची पद्धत मला जास्त पटते. १९८४च्या तिथल्या आरोग्य कायद्यानुसार एखाद्या प्रांतात रुग्णांकडून जादा आकारणी झाली, तर जितके डॉलर वसूल झाले तितकेच डॉलर प्रांताच्या निधीतून कापले जातात. दंड चुकीएवढाच, आणि तो आधीपासून सगळ्यांना माहीत.

आपल्याकडे जीएसटीचे निर्णय केंद्र आणि राज्यं मिळून जिथे घेतात, त्या जीएसटी परिषदेतली मतांची विभागणी या सगळ्यापेक्षा नेमकी आहे, पण ती फार कमी लोक आकडे मांडून बघतात. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांच्या वजनाचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं. विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून ३१ राज्यं. सगळी मतदानाला हजर आहेत असं धरलं, तर एका राज्याचं वजन साधारण २.१५ टक्के. केंद्राला ७५ टक्के गाठायला २० राज्यं सोबत लागतात. उलट ३१ राज्यं एक झाली तरी ६६.६७ टक्क्यांवरच थांबतात, केंद्राशिवाय काहीच मंजूर होत नाही. १२ राज्यांनी विरोध केला तर केंद्रही अडतं. मला ही रचना वाईट वाटत नाही, ती दोघांनाही बोलायला भाग पाडते. प्रत्यक्ष मतदान पहिल्यांदा झालं ते डिसेंबर २०१९मध्ये, लॉटरीवरच्या कराबद्दल. त्याआधीचे सगळे निर्णय सहमतीने झाले होते.

इथेही जोडणीतलं एक भोक राहिलंच. जीएसटीमुळे राज्यांचा जो महसूल बुडेल त्याची पाच वर्षं, दरसाल १४ टक्के वाढ धरून, भरपाई द्यायचं ठरलं, आणि ती द्यायची होती उपकराच्या निधीतून. उपकरच कमी जमला तर? २०२०मध्ये कोविडने नेमकं तेच केलं. महिनोन्‌महिने वाद झाला, आणि अखेर केंद्राने कर्ज काढून ते राज्यांना दिलं, पहिल्या वर्षी १.१० लाख कोटी आणि दुसऱ्या वर्षी १.५९ लाख कोटी. ते फेडण्यासाठी उपकराची मुदत वाढवावी लागली. तूट आली तर कर्ज कोण काढणार, हे एक वाक्य २०१७च्या कायद्यात स्पष्ट असतं तर ते महिने वाचले असते.

आणि कराखेरीज बाकीचे विषय? पाणी, पोलीस, आपत्ती, शिक्षण, स्थलांतरित मजूर यांवर केंद्र आणि सगळी राज्यं समोरासमोर बसतील अशी जागा घटनेच्या कलम २६३मध्ये आहे, तिचं नाव आंतरराज्य परिषद. ती १९९०मध्ये स्थापन झाली. स्थापनेच्या आदेशात वर्षाला किमान तीन बैठका अपेक्षित आहेत. दहावी बैठक झाली डिसेंबर २००६मध्ये आणि अकरावी जुलै २०१६मध्ये. मधली साडेनऊ वर्षं कोरडी. पक्ष कोणताही असो, बैठक बोलावणं पंतप्रधानांच्या मर्जीवर राहतं, म्हणून असं होतं. जीएसटी परिषद भरते, कारण तिच्याशिवाय कराचे दर हलत नाहीत. आंतरराज्य परिषद भरली नाही म्हणून कोणाचंही काम थांबत नाही. तिलाही असंच एखादं काम बांधून द्यायला हवं. माझी सूचना अशी: राज्यांनी ४० टक्के वाटा घालायची कोणतीही नवी केंद्र पुरस्कृत योजना या परिषदेत मांडल्याशिवाय सुरू करू नये, आणि देखभालीचा खर्च कोणाचा हे त्या टिपणातच लिहिलेलं असावं.