बाळाला पालथं झोपवू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात तीन बाळंतिणींनी मला एकच मेसेज दाखवला. त्यात लिहिलंय: बाळ झोपेत पाच-सात सेकंद श्वास थांबवत असेल तर जिवाला धोका आहे. पाठीवर झोपवू नका, दूध श्वासनलिकेत उतरतं, पालथं झोपवा. घोरणं म्हणजे गाढ झोप. नाकात कोमट तेलाचे दोन थेंब घाला, ओव्याची धुरी द्या. श्वास थांबलाच तर पाय धरून उलटं करा आणि हलवा. खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'.

नवजात शिशू कक्षात मी वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्यात. एकेक मुद्दा घेऊनच उत्तर देते.

पहिला, पाच-सात सेकंदांचा. एकदा पहाटे तीनच्या सुमारास एक आई बाळाला छातीशी धरून धावत आली. "सिस्टर, हा श्वास घ्यायचा विसरतो हो!" बाळाला तिच्यासमोर ठेवलं, दुपटं सोडलं आणि दोघी पोटाकडे बघत बसलो. सात-आठ श्वास भराभर, मग पोट एकदम स्तब्ध. मी मोठ्याने आकडे मोजले. सहाला एक लांब श्वास आला आणि पुन्हा भराभर सुरू. तोवर ओठ गुलाबी, मूठ घट्ट. श्वासाची लय सांभाळणारं मेंदूतलं केंद्र नवजात बाळात पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून असं होतं. पाच ते दहा सेकंदांचे असे थांबे पहिल्या काही महिन्यांत नेहमीचे आहेत, पुढे आपोआप कमी होतात.

घाबरायचं कधी, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. श्वास 20 सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबला पण ओठ-जीभ निळी पडली, अंग पांढरंफटक झालं, बाळ लुळं पडलं, तर तो खरा धोका. (नुसते हात-पाय निळसर दिसणं पहिल्या दिवसांत चालतं. ओठ आणि जीभ बघा.) पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये हा धोका बराच जास्त असतो, म्हणूनच दवाखान्यात त्यांना मॉनिटरवर ठेवतात आणि गरज पडली तर कॅफीनचं औषध देतात.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो ऐकून घरचे लोक प्रेमापोटी बाळाला पालथं करतात. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. दूध वर आलं तरी ते खालच्या बाजूला, अन्ननलिकेकडेच परत जातं. पालथं केलं की हे उलटतं आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साचतं. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, 1994 पासून त्याची मोठी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. कुशीवर झोपवणंही नको, बाळ तिथून सहज पालथं होतं. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली राईची उशी काढा, तोंडाजवळची जाड गोधडीही. पोटावर ठेवायचंच असेल तर बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर.

घोरणं म्हणजे गाढ झोप? सर्दीने नाक चोंदलं की आवाज येतो, त्याची काळजी नाही. पण दर वेळी श्वास आत घेताना चिरका आवाज येत असेल तर डॉक्टरांना ऐकवा, मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. बहुतेक वेळा घशाचा स्वरयंत्राजवळचा भाग मऊ असतो आणि साधारण दीड-दोन वर्षांत ठीक होतो. सोबत बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध पिताना घाम येत असेल, वजन वाढत नसेल, तर थांबू नका.

नाकात तेल घालू नका. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. नाक चोंदलं तर डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे तयार थेंब वापरा. धुरीचा धूर म्हणजे धूरच, ओव्याचा असला तरी. बिडी-सिगारेटचाही नको.

आणि उलटं करून हलवणं कधीही नको, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. श्वास थांबलेला दिसला तर पाठ चोळा, तळव्याला टिचकी मारा. बहुतेक बाळं तेवढ्यावर श्वास घेतात, तरी त्याच वेळी दवाखान्यात न्या. हाललं नाही तर दुसऱ्याला 108 लावायला सांगा. बाळाला कडक, सपाट जागेवर ठेवा, मान सरळ. त्याचं नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडात घेऊन छाती जेमतेम वर येईल एवढी हलकी फुंकर घाला. छातीच्या मध्यावर दोन्ही अंगठ्यांनी 30 वेळा दाब, मग 2 फुंकरा, असं मदत येईपर्यंत.

शेवटी, बाळाचा श्वास फार भराभर चालतोय का हे मोजण्याबद्दल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचं साधन केलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळूचं घड्याळ रिकामं होण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनियाचा संशय. तुमच्याकडे मोबाइलचं घड्याळ आहे. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, मधले थांबे आकडा चुकवतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा 60 किंवा वर आला तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर सकाळची वाट न बघता निघा.