हयातीचा दाखला

दुकानातल्या पोराने माझ्या कॉम्प्युटरला भंगार म्हटलं, याचा मला फारसा राग नाही. मला 'काका' म्हटला त्याचा थोडा आहे. दीडशे रुपयांचा मात्र चांगलाच आहे.

कॉम्प्युटर २०१६ चा. उत्तम चालतो. पंखा जरा घरघरतो, पण तसा रात्री मीही घरघरतो. प्रश्न इतकाच, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद झाले, आणि ११ वर जायचं म्हटलं तर पडद्यावर पाटी येते, हा पीसी 'सध्या' पात्र नाही. या 'सध्या'ने माझं डोकं फिरवलं. सध्या म्हणजे काय? क्लास लावला तर मार्चमध्ये पुन्हा बसता येईल? मुलीकडच्यांनी 'सध्या आम्हाला कर्तव्य नाही' कळवावं, तसला हा गुळगुळीत नकार.

म्हणून अ‍ॅक्टिवाच्या पायापाशी, जिथे एरवी गॅस सिलिंडर बसतो, तिथे कॉम्प्युटर ठेवून मी चौकातल्या दुकानात गेलो. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, रिपेअरिंग, सगळं एका गाळ्यात. नोव्हेंबर होता, म्हणजे पेन्शनरांचा हंगाम. स्टुलावर एक काका हयातीच्या दाखल्यासाठी बसले होते, आणि यंत्र त्यांचा अंगठा ओळखायला तयार नव्हतं. पोराने त्यांना अंगठा वाळवत बसवलं आणि माझ्या डब्याला वायरी लावल्या.

"टीपीएम दिसत नाहीये," तो म्हणाला.

काका स्टुलासकट वळले. "कुणाचं?"

"यांचं."

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "वय काय?"

"नऊ वर्षं," मी म्हणालो. मला वाटलं कॉम्प्युटरचं विचारतायत.

यावर काकांनी पोराकडे असं काही पाहिलं, की टीपीएमचा परिणाम थेट मेंदूवर होतो हे त्यांना कळून चुकलं होतं. मी घाईघाईने खुलासा केला, की टीपीएम ही एक चिप असते, गुप्त किल्ल्या सांभाळून ठेवते.

"किल्ल्यांना चिप कशाला? खुंटीला लावा."

"तशा किल्ल्या नाहीत हो."

"बरं, मग बसवून घ्या. घाबरू नका. आमच्या मेव्हण्याला बसवलं गेल्या वर्षी. आता एकटा मंडईत जातो."

"तो पेसमेकर असेल."

"तेच ते. बॅटरीवरच चालतं ना?"

तेवढ्यात पोराने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगांत, शिरून कुठलंसं बटण चालू केलं. टीपीएम होतं, नुसतं झोपलं होतं. काकांनी टाळी वाजवली. मीही जवळजवळ वाजवणार होतो. मग पोरगं म्हणालं, "पण प्रोसेसर सिक्स्थ जनरेशनचा आहे. एट्थ लागते."

"आठवी?" काका भडकले. "अरे, आमच्या वडिलांच्या काळात सातवीवर मास्तरकी मिळायची! व्हर्नाक्युलर फायनल! आणि तू यांना आठवी मागतोस?"

खरं सांगतो, त्या गाळ्यात माझ्या बाजूने बोलणारा तो एकच माणूस होता. मुद्दा चुकीचा होता, पण बाजू बरोबर होती.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे, आणि धुळीतून व्हायरस येतो यावर खुद्द सरांची श्रद्धा. काळ्या पडद्यावर डॉस, विंडोजचा पूर्वज. फ्लॉपी बिघडली की यंत्र विचारायचं, 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' तिन्हींचा उपयोग शून्य, पण विचारायचं तरी! पुढे २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. आमच्याकडे पोचलं ते मित्राच्या मित्राकडून, तेरा फ्लॉप्यांत. आठ सुरळीत गेल्या, नववी अडली. ती बाहेर काढून फुंकली, मांडीवर आपटली, पुन्हा घातली. कर्र, कर्र, कर्र. दहावीचा निकालही आम्ही इतका श्वास रोखून ऐकला नव्हता.

पण विंडोज ९५ ने कुणाची जात-पिढी काढली नाही. ३८६ चा प्रोसेसर आणि चार एमबी मेमरी एवढ्यावर ते चढू द्यायचं. एसटीसारखं. बसायला जागा मिळेल असं नाही, पण दारातून उतरवणार नाही. मग रखडत, धापा टाकत का होईना, न्यायचं. आणि रात्री बंद करताना काळ्यावर नारिंगी अक्षरं यायची, की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. घरातलं मोठं माणूस 'जा आता, झोप' म्हणतं तसं. (त्या काळात ते दिवसातून चार वेळा कोलमडायचंही, आणि तेव्हा आम्ही त्याला काय म्हणायचो ते इथे छापता येणार नाही.)

माझ्या डब्यात आठ जीबी मेमरी आहे. म्हणजे त्या चार एमबीच्या दोन हजार पट. त्यावर मी करतो काय? पत्रं लिहितो, विजेचं बिल भरतो, आणि १९९८ सालच्या मराठी फायली उघडतो. त्या मराठीत युनिकोड (सगळीकडे चालणारे अक्षरांचे सामाईक संकेत) रुळण्याआधीच्या, त्यामुळे तो जुना फॉन्ट नसेल तर वडिलांच्या एकसष्टीचं निमंत्रण 'ÉÊ´É' असं काहीतरी दिसतं. एवढ्या कामाला आठवी पिढी? सुरक्षेचं मला कळतं. चोर वाढलेत, किल्ल्या नीट ठेवायला हव्यात. पण धडधाकट यंत्र निव्वळ जन्मतारखेवरून घरी बसवायचं, आणि पोराने सहज सांगायचं, "चाळीस हजारांत नवा येईल." चाळीस हजार काय शेंगदाणे आहेत?

"एक उपाय आहे," पोरगं म्हणालं. "विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून मिळते. पैसे भरून, नाहीतर ऑनलाइन खातं जोडून."

"एक्स्टेंशन!" काका उठून उभे राहिले. "घ्या, घ्या. मी अठ्ठावन्नला मागितलं होतं. साहेबाने फाईल दाबली." मग उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून ते जरा वेळ गप्प झाले. "पस्तीस वर्षं कागद उलटले. रेषा सगळ्या फायलींना लागून गेल्या. आता हे मला मी म्हणत नाही."

सातव्या खेपेला अंगठा जुळला. काका सरकारदरबारी जिवंत झाले. दाखला छापून निघाला, त्यांनी पन्नास रुपये दिले आणि माझ्या डब्यावर थोपटून गेले, बहुधा मेव्हण्याला थोपटतात तसं.

मला पोरगं म्हणालं, "चेकिंगचे दीडशे."

"कशाचे? तू काहीच केलं नाहीस."

"चालणार नाही हे सांगितलं ना, काका."

मी पावती मागितली. नसती घेतली तरी चाललं असतं, पण हट्टाने मागितली. पोराने माऊस हलवला. दुकानाच्या पडद्यावर निळ्या रंगात वर्तुळ गरगरत होतं. अपडेट चालू आहे, ३० टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका.

"पाच मिनिटं थांबा, काका," तो म्हणाला आणि त्याने मला स्टूल दिलं.