अंड्याच्या वादात हरवलेलं केळं

महाराष्ट्रातल्या शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं किंवा स्थानिक फळ, असा निर्णय नोव्हेंबर 2023 मध्ये झाला. जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा निधी सरकारने थांबवला. इथे इंग्लंडमध्ये बसून तो वाद वाचताना जाणवत होतं की सगळं भांडण अंड्याचं. केळं बिचारं पंगतीबाहेरच. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, केळ्यात जेमतेम एक, म्हणजे बदली म्हणून ते लंगडंच. आणि फळ म्हणून ते अंडं खाणाऱ्या पोरांनाही हवंच होतं की! फळ कुणाच्या हातात पडणार हे गरजेवर नाही, घरात काय चालतं आणि काय चालत नाही यावर ठरलं.

इंग्लंडमध्ये फळं-भाज्यांचा हिशेब 80 ग्रॅमच्या वाट्यांत (म्हणजे हिश्शांत) होतो, माणशी दिवसाला पाच. 2018 च्या आरोग्य पाहणीत पाच वाटे खाणारे प्रौढ 28 टक्केच निघाले. बायका पुरुषांपेक्षा थोड्या पुढे, 16 ते 24 वयाची मंडळी मागे, आणि उत्पन्न कमी तसे वाटेही कमी. 2004 च्या पाहणीत मात्र भारतीय वंशाचे 37 टक्के पुरुष पाचाला पोचले होते. एकूण पुरुषांत ते प्रमाण 23 टक्के होतं. असा आकडा दिसला की आपली कॉलर ताठ होते. ‘आम्ही मुळात भाजी खाणारे लोक.’

पण आपलं ताट याच मापाने मोजून बघा. बटाट्याची भाजी शून्य, कारण बटाटा पिठूळ पदार्थांत जमा. वरण, उसळ, आमटी कितीही ओरपा, कडधान्यं-डाळींचा दिवसाला एकच वाटा. फळांचा रस 150 मिलिलिटर, तोही एकदाच. मेथीची जुडी निवडून पाव किलो पानं उरली आणि खाणारी चार माणसं, तर प्रत्येकी साठेक ग्रॅम. एक वाटासुद्धा भरत नाही. उलट पाच सेंटिमीटर काकडीची कोशिंबीर केली की एक वाटा झाला. म्हणजे साग्रसंगीत ‘शाकाहारी’ जेवणही दोन-तीन वाट्यांवर अडकू शकतं.

आणि साठ ग्रॅम ‘प्रत्येकी’ हेही कागदावरच. कढईतली भाजी समान वाटली जात नाही. शेवटी बसणारीच्या वाट्याला रस्सा आणि खरवड. भारतातली घरखर्चाची पाहणी मोजते तो अख्ख्या कुटुंबाचा वापर. 2022-23 मध्ये शहरी कुटुंबाच्या खर्चात भाज्या 3.80 टक्के, फळं 3.81 टक्के, आणि पेयं व तयार खाद्यपदार्थ 10.64 टक्के. घरात काय आलं ते यातून कळतं, कुणाच्या पोटात गेलं ते नाही. भारतातलीच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी माणसाला विचारते खरी, पण फळ रोज खाता की आठवड्यातून, एवढंच; किती ग्रॅम, ते नाही. त्यामुळे फळं-भाज्या जास्त कोण खातं, ‘शहर की खेडं’, या आपल्या आवडत्या वादात दोन्ही बाजू अर्ध्याच आकड्यांवर बोलत असतात.

इथल्या योजनांचं कौतुक बेतानेच करावं. सरकारी शाळांत चार ते सहा वर्षांच्या मुलांना रोज एक फळ किंवा भाजी फुकट मिळते, सधन घरातल्यालाही. सातव्या वर्षी ती बंद. गरीब गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळं कार्ड आहे. 2021 मध्ये गरोदर बाईला किंवा एक वर्षावरच्या मुलामागे त्यावर आठवड्याला 4.25 पौंड मिळू लागले, आणि त्यातूनच दूधही घ्यायचं.

आपल्या शाळेच्या खिचडीत भाजीचं प्रमाण ठरलेलं आहे: प्राथमिकला माणशी 50 ग्रॅम, उच्च प्राथमिकला 75. पहिली ते आठवी, जात-धर्म न विचारता. हे माप इथल्या योजनेपेक्षा जास्त वर्षं पुरतं. फक्त त्या पन्नासात बटाटा किती, हे मुलांच्या पानात वाढण्याआधी, चिरलेल्या भाजीच्या पातेल्यातच वेगळं तोलायला हवं. शंभर मुलांमागे पाच किलो भाजी, बटाटा सोडून. शाळेत एक काटा असला म्हणजे झालं.