ख्रिस्ती माणसाने मटण सोडावे काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मिशनच्या काळापासून काही ख्रिस्ती घरे आहेत. त्यांपैकी एका घरातल्या आमच्या मित्राने, जो कापूस आणि तुरीची शेती करतो, उपवासकाळात सोडलेले मटण ईस्टरनंतरही पुन्हा खायचे नाही असे ठरवले. ही बातमी ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर पोचली, तेव्हा आमच्या माळकरी गुरुजींनी अगदी प्रसन्न होऊन सांगितले की, शेवटी तुम्ही आमच्याच वाटेवर आलात. पुढचा सगळा वाद त्या एका वाक्याने पेटवला. बोलणे अर्थातच वऱ्हाडीत झाले. येथे ते लिहिण्याच्या भाषेत मांडतो आहे.

मित्राने गुरुजींचे अभिनंदन स्वीकारले नाही. त्याचे म्हणणे असे की, मांस अपवित्र आहे म्हणून त्याने ते सोडलेले नाही, तर पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जनावराचा जो विचार केला आहे तो आपण वाचतो आणि पुढे निघून जातो, हे त्याला खटकू लागले. त्याने त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातली आज्ञा सांगितली, की मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये. शेळ्या पाळणाऱ्या काकांनी लगेच विचारले, की मग डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकातल्या कोळपणीच्या वेळी तू बैलांना मुसके बांधतोस ते काय? यावर मित्राने केलेला भेद मला पटला. डवरणीत मुसके बांधले नाही तर उभे पीक जाते. खळ्यावरचे धान्य मात्र बैलाच्याच कष्टाने मोकळे होत असते, आणि कष्ट करणाऱ्याच्या तोंडाला त्याच्याच कष्टाच्या जागी कुलूप घालणे हा अन्याय आहे, असे तो म्हणाला. त्याच नियमशास्त्रात बैल आणि गाढव यांना सातव्या दिवशी विसावा द्यायला सांगितले आहे, आणि आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर त्याला उठवायला मदत करावी, असेही सांगितले आहे. (आपण पोळ्याला जनावराच्या मानेवरचे जू उतरवतो, खांदे शेकतो, पुरणपोळी खाऊ घालतो आणि वर्षभर त्या एका दिवसाचे कौतुक सांगतो, तिथे मात्र दर आठवड्याचा हिशेब आहे.)

त्याचा चुलतभाऊ काळीपिवळी चालवतो आणि दर रविवारी न चुकता उपासनेला बसतो, त्यामुळे वचने त्यालाही पाठ होती. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना हेच मुसक्याचे वचन घेतले आणि देवाला बैलांची काळजी आहे काय, असा प्रश्न करून ते सुवार्ता सांगणाऱ्यांच्या पोटापाण्याला लावले, हे त्याने दाखवून दिले. शिवाय जलप्रलयानंतर देवाने नोहाला मांस खाण्याची मोकळीक दिली, आणि पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, हे लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिले आहे.

मित्राने यातले काहीही नाकारले नाही, आणि माझ्या मते त्याची बाजू भक्कम झाली ती इथेच. येशू शाकाहारी होता असा दावा काही उत्साही लोक करतात; शुभवर्तमानांतून तो निघत नाही आणि मित्राने तो केलाही नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणसाला वनस्पती आणि फळे दिली आहेत. मांसाची मोकळीक नवव्या अध्यायात येते, तीही रक्त वर्ज्य करून, आणि त्याच अध्यायात देव जो करार करतो तो नोहाबरोबरच पशुपक्ष्यांशीही करतो. मोकळीक म्हणजे सक्ती नव्हे. योनाच्या पुस्तकाचा शेवटही त्याने सांगितला, जिथे देव नीनवे शहरावर दया करण्याचे कारण सांगताना माणसांच्या जोडीला तिथल्या पुष्कळ गुराढोरांचाही उल्लेख करतो.

तरीही चुलतभावाचा खरा राग वचनांवर नव्हताच. आमच्या आजोबांच्या ताटात काय शिजते यावरून त्यांना विहिरीपासून दूर ठेवले गेले, आणि आता आम्हीच ताट बदलले तर तेव्हाचे लोक बरोबर होते असा अर्थ निघेल, असे तो म्हणाला. गुरुजी गप्प झाले. मित्राने पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या शाकाहारीच राहिल्या. त्या ब्राह्मणाच्या घरी जन्मल्या होत्या, त्यांना ते जड गेले नसेल, हे चुलतभावाचे उत्तर तयार होते आणि त्यात तथ्य आहे. म्हणून मला सॅलफर्डचे उदाहरण अधिक उपयोगी वाटले आणि मी ते सांगितले. इंग्लंडमधल्या त्या गिरण्यांच्या गावात विल्यम काउहर्ड या धर्मोपदेशकाने १८०९ साली बायबल ख्रिश्चन चर्च स्थापन केले, सभासदांना मांस वर्ज्य करायला सांगितले आणि गरिबांना भाज्यांचे गरम सूप वाटले. १८४७ साली इंग्लंडमधली व्हेजिटेरियन सोसायटी उभी राहिली, त्यात याच मंडळीतली माणसे पुढे होती. तिथे मांस सोडल्याने कोणी वरच्या जातीचा होत नव्हता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे दोघांनाही बजावले आहे. नाताळच्या प्रीतिभोजनात आपण मटणाच्या पंगतीतच बसून वरण-भात खाऊ, वेगळी पंगत मागणार नाही, असे मित्राने सांगितले तेव्हा चुलतभाऊ थोडा निवळला.

काकांचा प्रश्न मात्र कोणालाच सुटला नाही. माझ्या बेरारी शेळ्यांना होणारे बोकड कोणी घेतले नाहीत तर मी शेळ्या पाळू कशाला, आणि शेळ्याच नसतील तर दया कोणावर करणार, असे त्यांनी विचारले. पुढे ते म्हणाले की बैलांच्या कत्तलीवर बंदी घालणाऱ्या २०१५ च्या कायद्यानंतर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलेले नाही, म्हणून लोक तो रात्री दुसऱ्याच्या शिवारात सोडून येतात, आणि त्यांतले बरेचसे स्वतःला शाकाहारी म्हणवतात. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, हे नीतिसूत्रांतले वचन मित्राने सांगितले, आणि आपला थकलेला बैल तो घरीच तुरीच्या कुटारावर सांभाळतो हे आम्हाला ठाऊक होते. एक बैल सांभाळता येतो, कळपातले सगळे बोकड कोण सांभाळणार, यावर काका ठाम राहिले. चुलतभावाने मग मित्राच्या हातातल्या चहाकडे बोट दाखवून विचारले, की या दुधासाठी जन्माला आलेले गोऱ्हे कुठे जातात? मित्राने आपल्याजवळ याचे उत्तर नाही, हे सरळ मान्य केले. गुरुजींनी मात्र दुधाचा मुद्दा हे निव्वळ विषयांतर आहे असे जोरात सांगितले, आणि त्यावर मित्र, चुलतभाऊ आणि काका असे तिघेही त्या संध्याकाळी पहिल्यांदाच एका बाजूला झाले.