दोन घरचा पाहुणा : हायब्रिड एसयूव्ही बाळगणाऱ्यांना चार सल्ले

तर शेवटी घेताय म्हणायची. छान. डिझेल घ्यावी तर मुलगी जेवताना पर्यावरणावर भाषण देते. पूर्ण इलेक्ट्रिक घ्यावी तर गावाला जाताना पुढचा चार्जर चालू असेल का, या विचाराने आदल्या रात्रीच झोप उडते. आणि साधी पेट्रोल घ्यावी तर तीच साडूच्या दारात उभी आहे. अशा अडलेल्या माणसाजवळ शोरूममधला टायवाला मुलगा हळूच सरकतो आणि म्हणतो, "सर, प्लग-इन हायब्रिड. पेट्रोलवरही चालते आणि प्लगला लावून भरलेल्या बॅटरीवरही. बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स." आपण कुठे सह्या केल्या हे त्यानंतर घरी आल्यावरच कळतं.

मीही अशाच एका गाडीचा मालक आहे. कंपनीचं नाव विचारू नका, मेहुणा वकील आहे आणि त्याने गप्प राहायला सांगितलंय. अनुभव मात्र फुकट वाटतोय. या गाडीच्या बाबतीत फुकट मिळणारी तेवढीच एक गोष्ट आहे.

सुरुवातीलाच एक पथ्य पाळा. आपली गाडी नेमकी कोण, हे सरकारला विचारायला जाऊ नका. इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी ५ टक्के. आपल्या मोठ्या हायब्रिडला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, आणि त्याआधी सेस धरून ४३ होता, म्हणजे तीन टक्क्यांची चंगळ झाली, पेढे वाटा. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, तोही भरा. हिरवी नंबरप्लेट मिळणार नाही, ती फक्त निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्यांना. अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी आहे. तुम्ही संपूर्ण पूल बॅटरीवर, एक थेंब पेट्रोल न जाळता ओलांडलात तरी फास्टॅगला त्याचं सोयरसुतक नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच. फक्त आपला पाहुणा दोन्ही घरी जेवणाचे पैसे मोजून उपाशी राहतो.

घरी चार्जर लावायचा असेल तर आधी सोसायटीच्या कमिटीवर निवडून या. हे जमत नसेल तर पुढचा परिच्छेद वाचा.

पाहुणे विचारतील, "ॲव्हरेज किती देते?" यावर कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा ठोकून द्यायचा. लिटरला पन्नासच्या वर वगैरे. तो आकडा खोटा नसतो हो. प्रयोगशाळेत, बॅटरी तुडुंब भरून, ठरवून दिलेल्या वेगाने गाडी चालवली की येतो. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची खरी आकडेवारी काढली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साधारण साडेतीन पट निघालं. मुख्य कारण काय, तर लोक गाडी कागदावर धरलं होतं तितकी प्लगला लावतच नाहीत. तिथे ही गत. इथे बेसमेंटमधल्या पंधरा अँपिअरच्या एका सॉकेटवर पाण्याच्या पंपाचा, लिफ्टवाल्याचा आणि बी विंगच्या कुलकर्ण्यांच्या स्कूटरचा आधीच हक्क सांगून झालेला असतो. मग तुम्ही बॅटरीचं दोन-अडीचशे किलो ओझं उगाच वाहत चांदणी चौक चढता, आणि ते ओझं वाहायला पेट्रोल जाळता. पाहुण्यांना यातलं काही सांगू नका. पन्नास म्हणा.

पेट्रोल पंपावर जाताना सोबत काहीतरी वाचायला न्या. अशा पुष्कळ गाड्यांची टाकी दाबाखाली बंद असते. आतली वाफ बाहेर पडू नये म्हणून. कल्पना उत्तमच आहे. पण त्यामुळे झाकण नुसतं दाबून उघडत नाही. आधी डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं, मग स्क्रीनवर 'टाकी तयार होत आहे, कृपया थांबा' असं येतं, मग आपण थांबायचं. पंपावरचा पोरगा नळी हातात धरून झाकणाकडे बघत उभा. मागे दोन ॲक्टिव्हा आणि एक टेम्पो. "ओ काका, झाकण उघडा की!" उघडतंय म्हणालात तर तो म्हणतो, "आतून खटका ओढा ना." खटका नाहीये बाबा. "मग एवढ्या मोठ्या गाडीत खटका नाय होय?" या संवादाला उत्तर नाही. काच वर करा आणि एसीचा झोत तोंडावर घ्या.

गाडी महिनोन्‌महिने बॅटरीवरच चालवलीत तर टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. मग एक दिवस गाडी तुम्हाला न विचारता इंजिन सुरू करून ते स्वतःच जाळते. काटकसर करणाऱ्यांनी त्या वेळी दुसरीकडे बघावं.

यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यावर पाटी असते : कमाल वजन २००० किलो. आपली गाडी अडीच टनांच्या घरात. पाटीकडे पाठ करून गाडी लावा, देव पाठीशी आहे.

ताम्हिणीत टायर फुटला तर डिकीत स्टेपनी शोधू नका. तिथे बॅटरीने संसार मांडलाय. स्टेपनीच्या जागी डिंकाची एक बाटली आणि एक छोटा पंप दिलाय. पोस्टाचं पाकीट चिकटवायला उपयोगी पडेल. कडेचा पंक्चरवाला टायर बघून म्हणेल, "साहेब, ह्याचं मशीन आपल्याकडं नाय." तो प्रामाणिक माणूस आहे, त्याला चहा पाजा.

उंदरांसाठी तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, जे हाती लागेल ते बॉनेटखाली ठेवा आणि नारंगी केबलला मात्र हात लावू नका, तिच्यात जबर दाबाची वीज असते. उंदराला हे कोण सांगणार, हा प्रश्न माझा नाही.

आता मुख्य धडा. हा मला गेल्याच आठवड्यात चांगला ठोकून शिकवण्यात आला.

तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, चारशे व्होल्टच्या आसपासची, जिच्यासाठी तुम्ही कर्ज काढलंत. दुसरी बारा व्होल्टची, साध्या गाडीत असते तसलीच. सल्ला असा, की पहिलीवर प्रेम करा आणि दुसरीला घाबरून राहा. कारण दरवाजाची कुलपं, स्क्रीन, गिअर, हँडब्रेक, सगळे कॉम्प्युटर त्या लहान बॅटरीवर चालतात. मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी रिलेमागे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यांमागे, बंद असते, आणि ते रिले जोडायला पुन्हा लहान बॅटरीचीच वीज लागते. म्हणजे लहान बॅटरी मेली की मोठी शंभर टक्के भरलेली असूनही तुमच्या बापाचं ऐकत नाही. माझी भरलेली होती. आदल्या रात्रीच, कुलकर्ण्यांशी भांडून, प्लगला लावली होती.

आईची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ होती. खाली आलो. हँडलला हात लावला, काही नाही. चावीचं बटण दाबलं, काही नाही. चावी खिडकीला टेकवली, कपाळाला टेकवली. ॲप उघडलं तर 'वाहनाशी संपर्क होऊ शकत नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.' होणारच नाही, बेसमेंटमध्ये मलाच नेटवर्क नव्हतं, गाडीला कुठून असणार! आई एवढंच म्हणाली, "अरे, रिक्षा कर." वॉचमनकाका धावत आले, "साहेब, धक्का मारू का?" ही गाडी धक्क्याने सुरू होत नाही, काका. धक्क्याने ती हलतसुद्धा नाही, कारण न्यूट्रल करायलाही वीज लागते.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आधी संगीत, मग मराठीसाठी तीन दाबा, मग तीन दाबल्यावर हिंदी. त्या बाईंनी अत्यंत आपुलकीने विचारलं, गाडी सुरक्षित जागी आहे ना? बाई, ती बेसमेंटमध्ये आहे आणि मला स्वतःला आत जाता येत नाहीये, याहून सुरक्षित कुठे ठेवू? मग म्हणाल्या, डॅशबोर्डवर कोणता दिवा दिसतोय ते सांगा. अहो, डॅशबोर्ड आतमध्ये असतो!

टोइंगचा ट्रक आला तो रॅम्पच्या तोंडाशीच अडला, उंची बसेना. ड्रायव्हरने वर बघितलं, खाली बघितलं, सही घेतली आणि निघून गेला. मग खूप उशिराने बाइकवरून एक पोरगा आला, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बूस्टर, म्हणजे मेलेल्या बॅटरीला बाहेरून वीज देणारा डबा. हा खरा जाणकार. रिमोटच्या पोटात एक लपवलेली लोखंडी चावी असते, ती त्याने काढली. तिच्यासाठी हँडलवर भोक शोधलं तर भोक नाही. ते एका टोपणाखाली असतं, आणि ते टोपण त्याच चावीने उचकटावं लागतं. बॅटरी डिकीत. डिकी उघडते विजेवर. वीज बॅटरीत. तेव्हा आत शिरून खटका ओढून बॉनेट उघडायचं, तिथे जंप स्टार्टसाठी वेगळी टोकं दिलेली असतात, तिथे वायरी जोडायच्या. वायरी जोडल्या, वीज मिळाली, आणि गाडीने शुद्धीवर येताच पहिलं काम काय केलं असेल? चोर आला म्हणून सबंध बेसमेंट दणाणून सोडलं. बी विंगचे कुलकर्णी खाली आले. मला बघून हसले.

इथपर्यंत मी हसतच सांगत होतो. आता सर्व्हिस सेंटर.

सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "सर, तुमचं रनिंग कमी आहे." मग सूचना. आठवड्यातून एकदा तरी लांब फिरवून आणा. ॲप सारखं उघडून बघू नका, त्याने गाडी जागी होते आणि बॅटरी उतरते. चावी गाडीच्या जवळपास ठेवू नका. डॅशकॅम काढून टाका. परगावी जाणार असाल तर बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावून जा. म्हणजे ज्या ॲपची तुम्ही शोरूममध्ये अर्धा तास फुशारकी मारली, ते मी वापरायचं नाही? ज्या गाडीला रोज रात्री एक वायर लावतो, तिला आता दुसरीही लावायची? आणि कमी रनिंग म्हणजे काय? शहरात थोडं थोडं फिरणाऱ्यांसाठीच ही गाडी बनवलीय, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे. लहानीला? "ती वेअर अँड टेअरमध्ये येते, सर." आणि नवी कुठल्याही दुकानातून आणून टाकायची नाही, ती कॉम्प्युटरवर गाडीला ओळख करून द्यावी लागते. बॅटरीची गाडीशी ओळख! लग्न जुळवताय का?

आता मला उपरोध वगैरे काही करायचा नाही. सरळ विचारतो. शेजारी एवढी मोठी बॅटरी भरून पडलेली असताना लहान बॅटरी मरतेच कशी? तिच्यावर लक्ष ठेवून, ती उतरायला लागली की मोठीतून थोडी वीज आपोआप सोडायची, यात अशक्य असं काय आहे? ह्युंदाईने २०१६ साली आयोनिक हायब्रिड काढली, त्यात लहान बॅटरी पूर्ण मरायच्या आत गाडी तिला आपोआप तोडून ठेवायची, आणि ती पुन्हा जोडायला डॅशबोर्डवर चक्क एक बटण होतं. ती काही कोटीची गाडी नव्हती. मध्यमवर्गीयांची होती. म्हणजे उपाय ठाऊक आहे, स्वस्त आहे, वर्षानुवर्षं रस्त्यावर चाललेला आहे. तुम्हाला तो नको होता, कारण तुमचं सगळं डोकं सीटमधून मसाज कसा द्यायचा आणि दारातून जमिनीवर लोगोचा उजेड कसा पाडायचा यात अडकलंय. दार उघडलं तर उजेड पडेल ना!

आणि ग्राहकाला दोष देता? एक म्हातारी बाई बेसमेंटमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली, तिची डॉक्टरांची वेळ गेली, आणि तुम्ही मला सांगता की मी गाडी पुरेशी पळवत नाही? डिलिव्हरीच्या दिवशी गाडीवर साटिनचं कापड, रिबन, केक, पुठ्ठ्याची हातभर मोठी चावी, फोटो. त्या तासाभरात एकाही माणसाला असं वाटलं नाही, की साहेबांना खऱ्या चावीच्या पोटातली चावी दाखवावी? टोपण कुठे असतं ते सांगावं? बॉनेटखालची ती दोन टोकं दाखवावीत? पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं नव्हती, ड्रोन उडवायला वेळ होता.

परवा फीडबॅकचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत त्याच ॲडव्हायझरचा मेसेज, "सर, प्लीज दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात." दिले मी दहा. त्या पोराचा काय दोष? गाडी त्याने बनवलेली नाही, आणि मला काय सांगायचं हेही त्याने ठरवलेलं नाही. पण ज्यांनी ठरवलं त्यांच्यापर्यंत माझे शून्य मार्क पोचवायची सोय या फॉर्ममध्ये का नाही? ज्या साहेबांनी त्या पोराच्या तोंडी 'रनिंग कमी आहे' हे वाक्य घातलं, त्यांनी एकदा स्वतःच्या आईला घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये यावं. प्लास्टिकची खुर्ची मी देतो.