थ्री चुकला तर चुकला, पण बॉल का थांबतो?

मी काही बास्केटबॉलचा जाणकार नाही, बॉस्टनला राहतो म्हणून इथली टीम सेल्टिक्स, एवढंच. पण 2025 च्या मे मध्ये प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) न्यूयॉर्कच्या निक्सबरोबरची सिरीज झाली तेव्हापासून कोथरूडचा माझा मावसभाऊ आणि मी यांचं एकच भांडण चालू आहे. तो तिकडे पहाटे साडेचारला उठून मॅच बघायचा आणि मला मेसेज, "दादा, आत घुसून टू मारायला काय होतं रे यांना?"

प्रश्न बरोबरच आहे म्हणा. (लाइनच्या बाहेरून टाकला की तीन पॉइंट, तो थ्री; आतून टाकला की दोन, तो टू.) पहिल्या मॅचला घरच्या कोर्टवर 20 पॉइंटची लीड, आणि यांनी 60 थ्री मारले त्यातले 45 चुकले, प्लेऑफमधला रेकॉर्ड, ओव्हरटाइममध्ये 108-105 हरले. दुसऱ्या मॅचला परत 20 ची लीड, परत 40 पैकी फक्त 10 पडले, 91-90. मग न्यूयॉर्कला गेले आणि 40 पैकी 20 टाकून 22 पॉइंटनी जिंकले. तीच माणसं, तोच माझुला कोच. काय समजायचं माणसाने?

आता थ्रीचा हिशोब साधा आहे. 100 मधले 36 पडले तरी 108 पॉइंट होतात, लांबून मारलेले टू 40 पडले तर 80 च. रिंगखाली जाऊन अलगद टाकायचा लेअप या दोन्हीपेक्षा भारी, पण तो कोणी सुखासुखी मारू देत नाही. त्या सीझनला सेल्टिक्सचे अर्ध्याहून जास्त शॉट थ्रीच होते, एवढं प्रमाण आधी कुठल्याच टीमचं नव्हतं, आणि 61 मॅच जिंकले की! त्यामुळे थ्रीनेच घात केला हे मला पटत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. लीड मोठी झाली की यांचा बॉल थांबतो. टेटम नाहीतर ब्राऊन, हे दोघं टीमचे स्टार, त्यातला एक लांब उभा राहून ड्रिबल करत बसणार, बाकीचे चौघं आपापल्या जागी खांब, शॉटसाठी मिळणाऱ्या 24 सेकंदांचं घड्याळ 7-8 वर आलं की मग एक पाऊल मागे घेऊन, समोरच्याचा हात तोंडावर असताना शॉट. कागदावर तोही थ्रीच. आणि कोणीतरी आत घुसलं, दोघं त्याच्यावर धावले, बॉल बाहेर, परत एक पास आणि कॉर्नरला मोकळा माणूस, तोही थ्रीच (कॉर्नरला तर लाइनपण जवळ, 22 फूट, बाकी ठिकाणी 23 फूट 9 इंच). या दोघांना एकाच खात्यात कसं टाकणार?

घरच्या ग्रुपवर नेमकं हेच होतं. ऑक्टोबर 2024 ला गहुंजेच्या टेस्टला आपण 156 ला ऑलआउट झालो, न्यूझीलंडच्या सँटनरने मॅचमध्ये 13 विकेट काढल्या, 12 वर्षांनी घरात सिरीज गेली, आणि लगेच सुरू, आयपीएलने वाटोळं केलं, पैसा बोलतो, आमच्या वेळी असं नव्हतं. अहो, पण कोहली फुलटॉसवर बोल्ड झाला! आडव्या बॅटने, 1 रन करून. त्यात टी-20 कुठून आलं? आणि दुसऱ्या इनिंगला 77 काढले ते जयस्वालने, म्हणजे बिनधास्त मारणाऱ्यानेच. आपल्याकडे हरलं की थेट चारित्र्यावर जातात, शॉट कुठला होता हे कोणी विचारतच नाही.

इथे निदान शॉटवर बोलतात. पण इथला एक ताल मला त्याहून डोक्यात जातो. ऑफिसमधला एक जण पहिल्या मॅचनंतर खांदे उडवून म्हणाला की शॉट चांगले होते, नशीब खराब, पुढच्या वेळी पडतील. दोन दिवसांनी परत तेच झालं तरी त्याचं तेच पालुपद. इथे मी पुण्याच्या, म्हणजे भावाच्या बाजूने. आज आपला दिवस नाही हे मैदानावरच्या माणसाला कळायला नको का, एकेक-दोनदोन काढावेत, फाऊल मिळवावेत, काहीतरी करावं.

चौथ्या मॅचला टेटमचं अकिलीस (टाचेमागची शीर) गेलं, बिचारा. पाचवीला तो नसताना हेच लोक 127-102 जिंकले, डेरिक व्हाइटचे एकट्याचे 34. मी लगेच भावाला स्कोअर पाठवला, बघ, बॉल फिरला की काय होतं. सहावी मॅच 119-81 हरल्यावर त्याने काही न लिहिता फक्त तो स्कोअर परत पाठवला. त्याचं म्हणणं, स्टारशिवाय एखादा दिवस निघतो, सिरीज निघत नाही. मी म्हणतो स्टार हवाच, पण त्याने बॉल सोडावा की. अजून मिटलेलं नाही.